अण्णाच्या स्कूटरवर आज नंबर कुणाचा?

अंबादासअण्णाचं घर म्हणजे एक खोली, खोलीवर पत्रा, आणि पत्र्यावर सोलापूरचा मे महिना. एवढं सांगितलं की सोलापूरकराला बाकीचं आपोआप कळतं. दुपारी बारानंतर त्या खोलीतल्या भांड्यांनाही हात लावता यायचा नाही. त्यात माणसं पाच. अण्णा, त्याची बायको पद्मावहिनी, थोरली श्रावणी, धाकटी चिन्नी आणि अण्णाचे वडील. वडिलांना सगळी गल्ली ताता, म्हणजे आजोबा, म्हणायची. ताता गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा अण्णा सातवीत होता, आणि त्याच वर्षी त्याची शाळाही बंद पडली. पुढं तो टॉवेलच्या मागावर बसला, तर मालकानं मागच भंगारात घातले. वहिनी बिड्या वळायच्या. पण बिडीवर घर उभं राहत नाही, नुसतं टेकून राहतं. म्हणून पावसाळा लागला की अण्णा भिवंडीला मागावर जायचा, होळीला परत यायचा, आणि होळीपासून मृगापर्यंत इथं कूलर दुरुस्त करायचा.

आता भिवंडीहून माणूस आला म्हणजे घरी आला, असं कुणालाही वाटेल. तसं नव्हतं. उन्हाळ्यात सोलापुरात कूलरवाला म्हणजे लग्नसराईतला भटजी, सगळ्यांना एकाच मुहूर्ताला पाहिजे. पोरी उठायच्या आत अण्णा बाहेर पडायचा आणि पोरी झोपल्यावर परत यायचा. नऊ महिने भिवंडी, तीन महिने लोकांची घरं. स्वतःच्या घरात तो फक्त झोपायचा.

आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून, त्यामुळे हे सगळं मला ऐकूनच माहीत. माझे वडील करमाळ्याकडचे, मार्केट यार्डात हमाल. आई वहिनींसारखीच बिड्या वळणारी. मी त्या वर्षी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मुद्दाम सांगते, कारण सांगायला मला आवडतं. अण्णाला तर माझ्याहून जास्त आवडायचं. त्यानं मला कधी नावानं हाक मारली नाही. "ए बीकॉम!" अशी आरोळी यायची.

"अण्णा, अजून पास कुटं झालीय मी?"

"मग काय झालं? नापास झालीस तर अर्धी बीकॉम म्हणीन की."

दिसायला अण्णा काटकुळा, गालफडं बसलेली, मिशी मात्र भरघोस. डोक्यावर ओला पंचा, त्यावर टोपी. शर्टाचे खिसे वहिनींनी दुहेरी कापडाचे शिवलेले, कारण त्यात कायम स्क्रू. तो गल्लीतून चालत आला की खुळखुळ वाजायचं. पायात रबरी स्लीपर, मग लग्न असो की मयत. "चामड्याची चप्पल आणि ओली फरशी, दोन्ही मिळून माणसाला वर पोचवत्यात," म्हणायचा. कुठल्याही कूलरला पहिला हात लावायचा तो उलटा. करंट असेल तर उलटा हात झटका खाऊन मागं येतो, सुलटा असेल तर मूठ आवळली जाते आणि माणूस चिकटून बसतो. गल्लीतल्या प्रत्येक पोराला त्यानं हे शिकवून ठेवलं होतं.

कूलरशी तो पेशंटशी बोलावं तसं बोलायचा. "काय झालं बाई तुला? दम लागालाय व्हय? किती दिस गवत बदललं न्हाय तुझं?" मग मालकाकडे वळून, डॉक्टरच्या गंभीर आवाजात, "पंप चांगला हाय. पर टाकीत तुमच्या पोरानं चमचा टाकलाय." चमचा निघायचाच. कधी चमचा, कधी कंगवा, एकदा तर एका आजोबांची कवळी निघाली. ती त्यानं रुमालात गुंडाळून अशी काही अदबीनं दिली, की आजोबा तिथंच ती लावून हसले.

आणि एक खोड होती, रस्त्यानं बोलत जायची. स्कूटर चालवताना हा मान न वळवता बोलायचा. मागं कुणी बसलेलं असो नसो, आपला बोलतोय. लोक बघायचे. त्याला पत्ता नसायचा.

तर पाडव्यानंतरची गोष्ट. एका दुपारी अण्णाला एक जुना पंप हवा होता, तो घरी राहिला होता. म्हणून तो भर बारा वाजता, कधी नव्हे तो, गल्लीत आला. दारात चिन्नी बसली होती, साडेतीन वर्षांची, एका हातात भाकरीचा तुकडा. मी आमच्या उंबऱ्यावर पुस्तक घेऊन बसले होते, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. तिनं अण्णाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आत तोंड करून ओरडली,

"कूलरवाले काका आलेत!"

त्यांच्या घरात तेलुगू. पोरं आईशी तेलुगूत, गल्लीशी मराठीत. दारात बाहेरचं कुणी आलं तरच पोरगी आत मराठीतनं सांगायची. तिनं मराठीत सांगितलं.

आतून वहिनी हसत आल्या, पण अण्णाचं तोंड बघून त्यांचं हसू जिरलं. अण्णा पंप न घेताच उंबऱ्यावर बसला. चिन्नी भाकरी चावत त्याच्याकडं बघत होती, परक्या माणसाकडं बघावं तशी. ताता आतून ओरडले, "कोण आलंय?" गिरणीच्या खडखडाटानं त्यांचे कान गेलेले, त्यामुळे तातांना सगळ्या जगाशी ओरडूनच बोलायची सवय. अण्णा मला म्हणाला,

"बीकॉम, पेन हाय का तुझ्याकडं?"

पेन होतं. दारात पडलेल्या खोक्याचा पुठ्ठा त्यानं फाडला आणि मला म्हणाला, लिही. सोमवार पद्मा. मंगळवार श्रावणी. बुधवार ताता. गुरुवारी परत पद्मा, शुक्रवारी श्रावणी, शनिवारी ताता.

"हे काय अण्णा?"

"स्कूटरच्या मागच्या सीटचा नंबर. मला घरी थांबाय यीना न्हवं? मग घरच घिऊन फिरतो. रोज एक माणूस."

"आणि रविवारी?"

"रविवारी चिन्नी. ती फुडं."

वहिनी म्हणाल्या, "येड लागलंय तुम्हाला उन्हाचं. आणि माझ्या बिड्या कोण वळंल?" तर म्हणाला, "सूप संगट घे." आणि खरं सांगते, तसंच झालं. तंबाखू आणि पानांचं सूप मांडीवर घेऊन पद्मावहिनी अण्णाच्या मागं बसून निघाल्या तेव्हा अख्खी गल्ली बाहेर आली होती. मी तर टाळ्या वाजवल्या!

पहिल्याच आठवड्यात जुळे सोलापूर वसाहतीतल्या एका फ्लॅटवर गाडी अडली. तिथल्या मॅडमनी दार उघडलं, अण्णाकडं पाहिलं, मागं सूप घेतलेल्या वहिनींकडं पाहिलं.

"हे काय? कामावर घरची माणसं घेऊन येता?"

"व्हय मॅडम. तुमी न्हाय का घरच्या माणसांत? मीबी हाय."

"त्या खाली थांबतील ना?"

"थांबतील की. मग मीबी खालीच थांबतो, तितनं कूलर दुरुस्त हुतोय का बगतो."

मॅडमच्या कपाळावर घामाच्या धारा. त्यांनी दार सोडलं. आत गेल्यावर अण्णाचा दुसरा नियम, पाणी आधी मागच्या माणसाला. वहिनींच्या हातात पेला आला नाही तोवर ह्यानं पान्याला हात लावला नाही. वहिनी गच्चीत जाऊन सावलीत बसल्या, तर तिथं मॅडमनी कुरडया वाळत घातलेल्या आणि कावळे टपलेले. वहिनी बिडी वळता वळता कावळे हाकलत बसल्या. मग त्यांना राहवेना. उठून एक एक कुरडई उलटली, कडेच्या कच्च्या होत्या त्या उन्हात सरकवल्या. मॅडम वर आल्या आणि बघतच राहिल्या. त्यांच्या सासूबाई गेल्यापासून गच्चीत दुसऱ्या बाईचा हात लागला नव्हता, असं त्या वहिनींना म्हणाल्या. पुढच्या वेळी फोन आला तो असा : "कूलरचं सावकाश चालेल, पण वहिनींचा नंबर असेल त्या दिवशी या."

श्रावणी तेव्हा सहावीत, उन्हाळी शाळा सकाळची. ती मागं बसून पान्यांचे नंबर शिकली. "नान्ना, दहाचा न्हाय, बाराचा," असं ती वरून सांगायची आणि अण्णा खालून, "ऐकलं का साहेब, मिस्त्री काय म्हंत्यात?" नान्ना म्हणजे त्यांच्यात बाबा. पंधरा दिवसांत पोरगी पंप खोलून, धुऊन, परत बसवायला लागली. मी तिच्याएवढी होते तेव्हा मला बल्ब बदलायची भीती वाटायची.

पण खरी मजा तातांच्या दिवशी. एका शनिवारी एका निवृत्त मास्तरांकडं कूलरचं गवत बदलायचं होतं. वाळ्याचं नवीन गवत भरलं, पाणी सोडलं, पंखा लावला. अण्णा म्हणाला, "ताता, टेस्ट करा." टेस्ट म्हणजे समोर बसायचं आणि वारं कसं आहे ते सांगायचं. ताता बसले. ओल्या वाळ्याचा वास आला, गार वारं आलं, आणि सत्तर वर्षांचा माणूस खुर्चीत बसल्या बसल्या गाढ झोपला. तेवढ्यात अण्णाला दुसरा फोन आला. हा पिशवी उचलून खाली गेला, स्कूटर चालू केली आणि निघाला. निघाला तो सवयीप्रमाणं बोलतच. मास्तरांचा पंखा कसा जुना आहे, आताच्या पत्र्यात कसा दम नाही, पोरींना सुट्टीत कुठं न्यावं. मागून उत्तर येत नव्हतं. पण तातांना ऐकू येत नाही म्हणून ह्यानं आवाज वाढवला. दोन घरांची कामं झाली! दोन्हीकडं कुणी विचारल्यावर "ताता खाली सावलीत हायेत" असं त्यानं स्वतःच सांगितलं. तिसऱ्या घरी जाताना अशोक चौकात सिग्नलला शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "अण्णा, कुणाशी भांडालाय एवढं?" तेव्हा ह्यानं पहिल्यांदा मागं वळून पाहिलं.

धावत पळत परत गेला, तर ताता आणि मास्तर आंबे चोखत बसलेले. दोघं गिरणीच्या भोंग्याबद्दल बोलत होते. मास्तर म्हणे, भोंग्यावर आमचं घड्याळ लावायचो. ताता म्हणे, भोंगा मी स्वतः ओढलाय. अण्णाला बघून ताता ओरडले, "एवढ्या लवकर कशाला आलास? अजून टेस्ट चालूय!"

ही गोष्ट गल्लीत इतकी फिरली की माझ्या वडिलांपर्यंत पोचली. आमचे वडील हसणारे नाहीत. ते हसले. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मला म्हणाले, "चल, तूबी एकदा यार्डात बग, तुजा बाप काय करतो." आमच्याकडं स्कूटर नव्हती, आम्ही चालत गेलो. कांद्याच्या पोत्याखाली वाकलेला बाप मी वीस वर्षांत पहिल्यांदा पाहिला. मग आम्ही दोघांनी हातगाडीवर चहा घेतला. चहावाल्यानं विचारलं, कोण ही? वडील म्हणाले, "कॉलेजात हाय." माझं नाव नाही सांगितलं, एवढंच सांगितलं.

सहा दिवस असे झकास चालले होते. अडलं होतं ते रविवारी.

चिन्नी यायची नाही. अण्णानं स्कूटरला पुढं लहान पोरांची बारकी खुर्ची बसवून घेतली होती, लाल रंगाची. पहिल्या रविवारी तो आंघोळ करून, मिशीला तेल लावून उभा राहिला. चिन्नी आईच्या पदराआड. वहिनींनी तेलुगूत समजावलं, श्रावणीनं समजावलं, ताता ओरडले. चिन्नी ढिम्म. शेवटी माझ्याकडं येऊन माझ्या कानात म्हणाली, "काकांबरोबर जायचं नसतं." वहिनींनीच शिकवलेलं, अनोळखी माणसाबरोबर जायचं नाही.

अण्णानं ओढाताण केली नाही. म्हणाला, "नंबर तिचाच हाय. दुसऱ्या कुणी बसायचं न्हाय." आणि ती रिकामी लाल खुर्ची पुढं घेऊन दिवसभर फिरला. लोक विचारायचे, खुर्ची कुणाची? "आमच्या छोट्या मॅडमची. आज रजेवर हायेत."

दुसऱ्या रविवारी त्यानं बर्फाचा गोळा आणला. चिन्नीनं शिष्टपणे तो घेतला, भिंतीला पाठ लावून खाल्ला, काडी परत दिली आणि आत गेली. तिसऱ्या रविवारी ताता म्हणाले, उचल आणि बसव, रडंल आणि गप बसंल. अण्णानं मान हलवली. "उचलून न्हेणारा नान्ना कुणाला पायजे?" चौथ्या रविवारी त्यानं विचारलंसुद्धा नाही, नुसता दारात मिनिटभर थांबला. मला वाटलं, संपलं आता. महिन्याभरात मृग, मग हा भिवंडीला, आणि पुढल्या होळीला पोरगी आणखी लांब गेलेली. वहिनींनाही तेच वाटत होतं. त्या माझ्या आईला म्हणाल्या, "ह्या वर्षी न्हाय जमलं तर मग न्हायच जमत. पोर मोठी झाल्यावर मान राखंल, माया कुठनं आणंल?"

पाचवा रविवार. माझा पेपर दुसऱ्या दिवशी. दारात बसून मी वाचत होते, सकाळच्या दहालाच अंगाची लाही लाही. चिन्नी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"फोन लाव."

"कुणाला?"

"कूलरवाल्या काकांना."

"कशाला?"

"आमचा कूलर बिघडलाय."

आता सांगायला पाहिजे, त्यांच्या घरात कूलर होता. म्हणजे सांगाडा होता. गंजलेला, पंख्याची पाती वाकलेली, आत वहिनी कांदे ठेवायच्या. अख्ख्या गावाचे कूलर चालू करणाऱ्याच्या घरात कूलर म्हणजे कांद्याची कणगी! ह्यावर गल्लीत कुणी कधी बोललं नव्हतं, कारण अण्णाला वेळ कुठं होता हे सगळ्यांना माहीत.

मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. त्या दिवशी अण्णा एका मंगल कार्यालयात होता. बारा पस्तीसचा मुहूर्त, बारा कूलर, त्यातला शेवटचा, नेमका नवरदेवाकडच्यांच्या बाजूचा, हट्टाला पेटलेला. मागं सनईची टेप वाजत होती.

"हां बीकॉम, बोल लवकर."

मी काही बोलायच्या आत चिन्नीनं फोनला तोंड लावलं. "कूलरवाले काका हायेत का?"

पलीकडं सनई तेवढी ऐकू आली. मग अण्णा अगदी सावकाश म्हणाला, "हाय. बोला मॅडम."

"आमचा कूलर चालंना."

"अरारा. पत्ता सांगा."

"लिंबाच्या झाडापशी. बीकॉमच्या शेजारी."

"घरी कोण कोण असतंय?"

"अम्मा हाय. अक्का हाय. ताता हायेत, पर त्यांना ऐकू यीना."

"आणि नान्ना?"

चिन्नीनं माझ्याकडं पाहिलं, एवढं साधं कसं माहीत नाही ह्यांना, अशा नजरेनं. "नान्ना भिवंडीला हाय."

नऊ महिने ह्या पोरीनं नान्ना फोनमध्येच ऐकलेला. अण्णाचा फोन साधा, बटणांचा, त्यात चेहरा दिसायचा नाही. तिच्या लेखी नान्ना होता, लाडका होता, भिवंडीला होता. हा पंचावाला, मिशीवाला, खुळखुळणारा माणूस दुसराच कुणीतरी. ती त्याच्यावर रागावली नव्हती. ती तिच्या नान्नाची वाट बघत होती.

"मॅडम," अण्णा म्हणाला, "अर्ध्या तासात आलो."

फोन चालूच होता. कार्यालयाच्या मॅनेजरचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला, "ए अण्णा, कुठं निघाला? बारावा राहिलाय! सीझनचं काम हातचं जाईल, सांगून ठेवतो!" आणि अण्णा म्हणाला, "अकरा चालू हायेत की. एका कंप्लेंटीला जाऊन येतो. लई जुनी कंप्लेंट हाय."

तो आला तो वीस मिनिटांत. आणि आत शिरला नाही! स्वतःच्या घराच्या चौकटीवर त्यानं टकटक केली. "कूलरची तक्रार हितनंच आलती का?" वहिनी काहीतरी बोलणार, तोवर त्यानं डोळ्यांनी त्यांना गप्प केलं. चिन्नी पुढं आली. त्याला बोटानं सांगाडा दाखवला. अण्णानं कांदे काढले. उलटा हात लावून दाखवला, कुठली वायर कुठं जाते ते सांगितलं, "मॅडम, बॅटरी धरा." तिनं बॅटरी धरली, ती बहुतेक त्याच्या मिशीवर. स्कूटरवरच्या पिशवीतनं वाळ्याचं गवत निघालं, जुना पंप बसला, पाती ठोकून सरळ झाली. पाणी घालायची वेळ आली आणि वहिनींनी माठाकडं पाहिलं, कारण आमच्याकडं नळ पाच दिवसांनी येतो आणि त्याला अजून दोन दिवस होते. चिन्नीनं कुणाला न विचारता पिण्याच्या माठातनं तांब्या भरला आणि टाकीत ओतला. मग दुसरा. मग तिसरा. वहिनी बघत राहिल्या. मीही आमची एक घागर आणून दिली.

बटण दाबलं. पंखा आधी खोकल्यासारखा खर्रर्र झाला, मग फिरला. ओल्या वाळ्याचा वास खोलीभर पसरला आणि वाऱ्याचा पहिला झोत चिन्नीच्या तोंडावर. तिचे केस उडाले, झगा फुगला, आणि पोरगी जी खिदळायला लागली!

"झालं मॅडम. येतो मी," म्हणून अण्णा पिशवी उचलून स्कूटरपाशी गेला. मागं वळून पाहिलं नाही त्यानं. मला वाटतं, हिंमत नसावी.

चिन्नी धावत बाहेर आली. "आता कुणाचा बिघडलाय?"

"कार्यालयात एक राहिलाय. नवरदेव घामाघूम झालाय."

तिनं जरा विचार केला, आईकडं पाहिलं, आणि दोन्ही हात वर केले. अण्णानं तिला लाल खुर्चीत बसवलं. स्कूटर वळली तेव्हा माझी आई, वहिनी, श्रावणी, ताता, मी, सगळे रस्त्याच्या मधोमध उभे. मी ओरडत होते की रडत होते ते मला आता सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशीचा पेपर मी साफ विसरले होते.

पुढचं मी पाहिलेलं नाही, पण अण्णानं ते इतक्या वेळा सांगितलंय की पाहिल्यासारखंच आहे. मुहूर्ताला दहा मिनिटं. अण्णा शिडीवर, बारावा कूलर उघडा, खाली नवरदेवाचे मामा रुमालानं वारा घेत बोंबलतायत. चिन्नीला त्यानं खाली खुर्चीत बसवून पाना धरायला दिलेला. भटजींनी मंगलाष्टकांना घसा साफ केला, सगळं कार्यालय शांत झालं, आणि त्या शांततेत खालून आवाज आला, तेलुगूत, खणखणीत :

"नान्ना! शू!"

अण्णा म्हणतो, शिडीवरनं मी कसा उतरलो ते मला म्हाईत न्हाय. पिशवी एकीकडं, पेचकस एकीकडं, पोरगी काखेत, आणि नवरदेवाच्या मामांना ओलांडून तो पळाला. "अहो कूलर!" मामा ओरडले. "कूलर थांबंल," अण्णा ओरडला, "हे न्हाय थांबायचं!" सगळं कार्यालय हसलं, अंतरपाटामागची नवरीसुद्धा. तो बारावा कूलर लग्न लागल्यावर सुरू झाला. मॅनेजरनं दुसऱ्या आठवड्यात परत अण्णालाच बोलावलं, कारण उरलेले अकरा कूलर दिवसभर एकदाही बंद पडले नव्हते.

तिनं कधी ओळखलं, कशावरून ओळखलं, कुणाला सांगता येणार नाही. मिशीवरून, आवाजावरून, की टाकीत ओतलेल्या त्या तांब्यांवरून. अण्णानं विचारलं नाही. "विचारून कशाला बिघडवू? चालू हाय न्हवं?" म्हणाला.

मृग जवळ आला तसा भिवंडीहून मागाच्या शेटचा फोन आला. आम्ही सगळे उंबऱ्यांवर बसलो होतो. वहिनींनी दोन महिन्यांत कूलरचं गवत भरायचं काम उचललं होतं, श्रावणी पंप खोलत होती, तातांनी मास्तरांच्या ओळखीनं निम्म्या कॉलनीचे बंद पंखे गोळा करून आणले होते, कुरडईवाल्या मॅडमनी आपल्या सोसायटीतले मिक्सर आणि इस्त्र्या पाठवल्या होत्या. तरी पावसाळ्यात कूलरवाल्याला कोण विचारतो? हे अण्णालाही ठाऊक होतं. तो फोन कानाला लावून बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, "शेट, आमच्या पोरीचा नान्ना मोठ्या मुश्किलीनं सोलापुरात सापडलाय. त्याला परत भिवंडीला धाडू नका."

श्रावण-भादवा कडकीत गेले, ते मी लपवत नाही. वहिनींनी बिड्या दुप्पट वळल्या. पण दारापुढं पत्र्याचं एक टपरं उभं राहिलं, आणि त्यात रोज काही ना काही दुरुस्तीला उघडं पडलेलं असायचं.

मी पास झाले. पहिल्या वर्गात. करमाळ्याला एका शाळेच्या ऑफिसात नोकरी लागली आणि ऑगस्टमध्ये एका सकाळी मी ट्रंक घेऊन गल्लीतून निघाले. आई-वडील रिक्षात सामान ठेवत होते. मी अण्णाच्या टपऱ्यापाशी गेले. तो पाटावर बसलेला, समोर कुणाचा तरी मिक्सर उघडा, आणि मांडीत चिन्नी. तिला अंगणवाडीला जायचं होतं, आणि अण्णा तिच्या वेण्यांना रिबिनी बांधत होता. एक वेणी कानाच्या वर, एक मानेपाशी. ओठांत दोन स्क्रू धरलेले, त्यामुळे त्याला नीट बोलता येत नव्हतं.

"अण्णा, निघाले मी."

त्यानं मान वर केली, पण वेणी सोडली नाही. "जा गं बीकॉम," असं काहीतरी स्क्रूंच्या मधून आलं, आणि डोळे मात्र सगळं बोलले. चिन्नी तेलुगूत म्हणाली, "हलू नको नान्ना, वाकडी हुतीया!"

ह्या गोष्टीला पाच वर्षं झाली. अंबादासअण्णा त्या वर्षी भिवंडीला गेला नाही, आणि त्यानंतरही कधी गेला नाही.